पहाटे चालू न होणारी जुनी डिझेल गाडी : दोष कोठे शोधावा?

पौषातली पहाट आहे. आदल्या संध्याकाळी तोडलेला भाजीपाला क्रेटमध्ये भरून पिकअपमध्ये लादून ठेवला आहे. चार वाजता किल्ली फिरविली, स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही पेट घेईना. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला बॅटरी बसली. मग शेजाऱ्यांना उठवून धक्का मारायचा, नाहीतर ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढायची. लिलावाची वेळ टळली की त्याच मालाला काय भाव मिळतो, हे वाचकांना सांगायला नको.

गाडी गॅरेजमध्ये नेली की बहुधा दोनच निदाने ऐकायला मिळतात : ‘पंप गेला’ किंवा ‘इंजिन बसले’. दोन्ही कामे सर्वांत खर्चाची आहेत आणि खरा दोष पुष्कळदा या दोन्हींत नसतो. पंप खोलला जातो, नोझल बदलले जातात, नवी बॅटरी येते आणि आठ दिवसांनी पहाटे पुन्हा तोच दोर, तोच ट्रॅक्टर. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूला आहे हे मालकाने स्वतः ठरवावे. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. एक मदतनीस, एक साधा मीटर आणि थोडा संयम एवढे पुरते.

पुढील माहिती यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या जीप, पिकअप, टेम्पो व ट्रॅक्टर यांच्यासाठी आहे. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब १००० बारच्याही वर असतो. त्या इंजिनांवर नळीचा नट सैल करण्याचा प्रयोग मुळीच करू नये.

इंजिन पेट कसे घेते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात ती नसते. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टन दाबतो आणि तिचे आकारमान सुमारे १६ ते २२ पटीने कमी करतो. एवढ्या दाबाने हवा कित्येकशे अंश तापते. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो आणि हवेच्या उष्णतेनेच पेटतो. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा गळून न जाता दाबली गेली पाहिजे आणि डिझेल वेळेवर व धुक्यासारखे बारीक होऊन आत आले पाहिजे. यांपैकी एक गोष्ट उणी पडली तरी इंजिन पेटत नाही.

थंडीत या तिन्ही गोष्टींना एकदम ओहोटी लागते. बॅटरीची ताकद कमी होते, इंजिनातील ऑइल घट्ट होते, स्टार्टर हळू फिरतो आणि दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात. निफाड परिसरात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदारांची जी धांदल उडते, तीच त्यांच्या अंगणातल्या जुन्या जीपचीही उडते. इंजिनाची झीज श्रावणातही तेवढीच होती, पण ती तेव्हा कळली नाही. (थंडीने डिझेलच गोठले, असे मात्र आपल्याकडे कोणी सांगितले तर चटकन मान्य करू नये.)

आधी काही प्रश्न स्वतःला विचारा

डॉक्टर नाडी पाहण्याआधी विचारपूस करतो, तसेच येथेही करावे. त्रास फक्त पहिल्या वेळी होतो की दिवसभर होतो? हळूहळू वाढत गेला की एका दिवसात उपटला? त्याच्या आधी गाडीला कोणते काम केले होते?

फक्त पहाटे त्रास होतो आणि एकदा चालू झाल्यावर दिवसभर गाडी एका झटक्यात सुरू होते, अशी तक्रार असेल तर पंपावर संशय घेण्याचे कारण फारसे उरत नाही. तेथे बॅटरी, हीटर प्लग किंवा रात्रभरात इंधनाच्या नळीत शिरलेली हवा यांकडे पाहावे. त्रास दोन-तीन हिवाळ्यांत वाढत गेला असेल तर झीज समजावी. फिल्टर बदलल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सुरू झाला असेल तर हवा राहिली किंवा वायसर नीट बसला नाही. गाडीला रंग दिल्यानंतर किंवा इंजिन उतरवून बसविल्यानंतर सुरू झाला असेल तर अर्थिंगची तार पाहावी. तिच्या खाली रंगाचा थर राहिलेला असतो.

उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. मेकॅनिककडे गेल्यावर ‘चालू होत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा हा कागद दाखविलेला बरा.

सायलेन्सरकडे पाहा

दोष शोधण्याची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची खूण म्हणजे धूर. पण चालक किल्ली फिरवीत पुढे बसलेला असतो, त्याला मागचे दिसत नाही. म्हणून एका माणसाला सायलेन्सरजवळ उभे करावे. अंधार असेल तर विजेरी द्यावी. गाडी गिअरमध्ये नाही आणि हँडब्रेक ओढलेला आहे, याची खात्री करावी. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट थांबावे. सलग मारल्याने बॅटरी तर उतरतेच, पण स्टार्टरची वाइंडिंगही जळते.

आता काय दिसते?

स्टार्टर चांगला फिरतो आणि धुराचा मागमूसही नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचतच नाही. कॉम्प्रेशन, रिंगा, व्हॉल्व्ह हे विषय तूर्त बाजूला ठेवा.

स्टार्टर फिरताना पांढरट-करडा धूर येतो, डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा वास येतो. म्हणजे डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही, उष्णता कमी पडते आहे. स्टार्टरचा वेग कमी आहे, हीटर प्लग बंद आहेत, फवारा बिघडला आहे, टायमिंग चुकले आहे किंवा दाब गळतो आहे. यांतले शेवटचे कारण शेवटीच तपासायचे.

पेट घेताना काळा लोट येत असेल तर हवा अडली आहे किंवा एखादे नोझल ठिबकते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी दररोज कमी होत असेल तर हेड गॅस्केट फुटून पाणी आत जात असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवून पाहण्याच्या भानगडीत पडू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले आणि स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणखी एक खूण कानाची. निरोगी इंजिनाचा स्टार्टर मारताना आवाज ठेक्यात येतो. चारांपैकी एका ठेक्याला इंजिन मोकळे पळाल्यासारखे वाटले तर त्या सिलिंडरमध्ये दाब कमी आहे.

स्टार्टर रेंगाळत असेल तर

पेट घेण्यासाठी इंजिन मिनिटाला साधारण १५० ते २५० फेरे या वेगाने फिरावे लागते. वेग याच्या खाली गेला की बाकी सर्व ठीक असूनही पांढरा धूर येतो आणि पंपाच्या नावाने बोटे मोडली जातात. म्हणून पहिली तपासणी नेहमी विजेची.

१२ व्होल्टची बॅटरी रात्रभर स्वस्थ राहिल्यानंतर सकाळी मीटर लावून पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखविते. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पाणी घालावयाच्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक खान्याचे आम्ल तपासावे. पाच खाने १.२५ च्या आसपास आणि एक १.१५ असेल तर तो खाना मेलेला आहे आणि ती बॅटरी चार्ज करून काही उपयोग नाही.

यानंतरची चाचणी फारसे कोणी करीत नाही, आणि तीच सर्वांत उपयोगाची आहे. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून ठेवावी. मीटरच्या काड्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवाव्यात, तारेच्या क्लिपांवर नव्हे. मदतनीसाला स्टार्टर मारायला सांगून आकडा पाहावा. तो साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर जास्त करंट खातो आहे. झिजलेल्या बुशमुळे आर्मेचर घासत असले तर असे होते. आकडा साडेदहाच्या वर टिकून आहे आणि तरीही स्टार्टर रेंगाळतो आहे, तर बॅटरी निर्दोष आहे. वीज वाटेत अडते आहे किंवा स्टार्टरचे कार्बन झिजले आहेत.

वाटेत कोठे अडते तेही मीटर सांगतो. एक काडी बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून स्टार्टर मारावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब आहे. तीच तपासणी धन खुंटी आणि स्टार्टरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये करावी. अर्धा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण स्टार्टर दोन-तीनशे अँपिअर ओढतो, आणि एवढ्या प्रवाहात सैल नट किंवा पांढरी पूड धरलेली क्लिप म्हणजे पाटात आडवे पडलेले ओंडकेच. क्लिपा काढून गरम पाणी व खायचा सोडा यांनी धुवाव्यात, घासून चकचकीत कराव्यात, आवळून वरून ग्रीसचा हात फिरवावा. काढताना ऋण तार आधी काढावी, लावताना ती शेवटी लावावी. बॅटरीजवळ विडी, काडी, दिवा आणू नये. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो.

ऑइलही पाहावे. जुन्या गाडीत वर्षानुवर्षे ४० नंबरचे एकेरी ऑइल घालण्याची सवय असते. थंडीत ते काकवीसारखे होते. इंजिनाच्या पुस्तिकेत चालत असेल तर १५ डब्ल्यू ४० हे ऑइल घालावे. स्टार्टर मारताना क्लच पूर्ण दाबून धरावा म्हणजे गिअर बॉक्समधले घट्ट ऑइल घुसळण्याचे काम स्टार्टरवर पडत नाही. एवढ्यानेही काही गाड्या सुरू झालेल्या पाहिल्या आहेत.

येथे एका घातक सवयीविषयी स्पष्टच लिहितो. किल्लीचा स्विच खराब झाला की ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापुढे उभे राहून स्टार्टरच्या दोन बोल्टांना डिसमिस टेकवून इंजिन चालू केले जाते. तसे करताना क्लचचा सुरक्षा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होताक्षणीच पुढे येतो, आणि पुढे उभा असतो तो माणूस. मागचे चाक अंगावरून जायला दोन सेकंद पुरतात. स्विच नवा बसवायला एका सकाळचा वेळ लागतो. तोपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवावा. तसेच ट्रकच्या २४ व्होल्टच्या जोड-बॅटऱ्यांवरून १२ व्होल्टच्या गाडीला तारा जोडू नयेत.

धूर अजिबात येत नसेल तर

प्रथम हसू येईल अशा गोष्टी पाहाव्यात. टाकीत डिझेल आहे का? टाकीची तोटी उघडी आहे का? स्टॉपची दांडी पूर्ण आत गेली आहे का? जुनी केबल गंजून अडकते, दांडी आत दिसते पण पंपावरचा लिव्हर अर्ध्यातच थांबलेला असतो. ज्या पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड आहे तेथे किल्ली फिरविल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर त्याची तार तपासावी. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र मातीने बुजले असेल तर झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ होऊन हवा आत जाते. फिल्टरच्या तळाचा पेच उघडून पाणी व गाळ काढून टाकावा.

यानंतर येते हवा. डिझेल पंप द्रव ढकलू शकतो, हवा ढकलू शकत नाही. ती नुसतीच दबते आणि पुन्हा फुगते. नळीत थोडी हवा शिरली तरी नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही.

हवा काढण्यासाठी फिल्टरच्या डोक्यावरचा पेच दोन आटे सैल करावा आणि फीड पंपाचा हाताने मारायचा दांडा मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच पेच आवळावा. मग मुख्य पंपावरच्या पेचाला हेच करावे. दांडा मारूनही जोर लागत नसेल तर आतला कॅम उचललेल्या स्थितीत आहे असे समजून इंजिन थोडे फिरवावे व पुन्हा मारावे. शेवटी दोन नोझलकडचे नट सैल करून स्टार्टर मारावा. तेथे डिझेल उसळू लागले की आवळावेत.

हवा काढल्यावर गाडी चालू होते आणि मालक निश्चिंत होतो. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. कारण हवा काढली, पण ती शिरते कोठून हे पाहिलेच नाही. ट्रॅक्टरची टाकी पंपापेक्षा उंच असते. नळी फुटली की डिझेल ठिबकते आणि दोष डोळ्यांना दिसतो. जीप-पिकअपची टाकी मात्र खाली असते आणि डिझेल ओढून वर आणावे लागते. तेथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि सर्वांची दिशाभूल होते. दिवसभर वेगाने ओढ असताना थोडी हवा पचून जाते. रात्री इंजिन बंद झाले की त्याच चिरेतून हवा घेत नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि पहाटे नळी रिकामी सापडते.

निफाडकडच्या एका टोमॅटो उत्पादकाच्या जुन्या पिकअपला मी हेच पाहिले. त्यांनी एका हिवाळ्यात पंप दोनदा कॅलिब्रेट करून आणला होता, चारही नोझल बदलले होते, बॅटरी नवी घेतली होती. रात्री गाडी ओट्याच्या उतारावर लावायची आणि पहाटे ढकलून द्यायची, हा शेवटी नेमच झाला. मी विचारले, दिवसा कशी चालू होते? म्हणाले, ‘दिवसा काय, नुसता हात लावला की!’ आणखी एक गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली. गाडीचे तोंड उताराकडे ठेवले की पहाटे ती ढकलायच्या आधी किल्लीवरच चालू व्हायची. त्यांना ते नवल वाटत होते. खरे तर दोष तेथेच उघड झाला होता. तोंड उताराकडे असले की मागची टाकी इंजिनापेक्षा उंच होते आणि डिझेल मागे उतरत नाही.

संध्याकाळी आम्ही पाच लिटरचा स्वच्छ डबा डिझेलने भरून पंपापेक्षा उंच टांगला. टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडली आणि तेथे डब्याची नळी जोडली. हवा काढून इंजिन दहा मिनिटे चालविले व गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवली. जादा डिझेलची परतीची नळी टाकीकडेच जात होती, तिला हात लावला नाही. पहाटे पाच वाजता पहिल्याच किल्लीला गाडी चालू झाली. म्हणजे पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळे निर्दोष, आणि दोष फक्त टाकी ते फीड पंप या टप्प्यात. शोधल्यावर टाकीजवळच्या रबरी नळीला क्लिपच्या बरोबर खाली केसाएवढी चीर सापडली. क्लिप आवळलेली होती म्हणून कोणी ती काढून पाहिली नव्हती. वीतभर नळी आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च.

ही डब्याची चाचणी प्रत्येकाने करून पाहण्यासारखी आहे. डबा रेडिएटरच्या पंख्यापासून व तापलेल्या सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधावा. ती जमत नसेल तर फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवून इंजिन चालू असताना बुडबुडे येतात का ते पाहावे. डब्यावरही पहाटे त्रास तसाच राहिला तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, फिल्टरचे वायसर आणि नोझलवरच्या परतीच्या बारीक नळ्या पाहाव्यात. एकदा दबलेला तांब्याचा वायसर पुन्हा वापरू नये, ही काटकसर नेहमी महाग पडते.

हीटर प्लग आहेत का?

सर्व डिझेल इंजिनांना हीटर प्लग नसतात. टेम्पो ट्रॅक्सच्या जुन्या इंजिनासारखी, पूर्व-दहन कक्ष असलेली इंजिने त्यांच्याशिवाय थंडीत चालू होत नाहीत. थेट पिस्टनवर फवारा सोडणाऱ्या बहुतेक इंजिनांना ते लागत नाहीत. म्हणून आधी इंजिनावर प्लग आहेत की नाही ते पाहावे.

जुन्या पद्धतीत प्लग एकामागे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या माळेसारखे. एक जळला की सगळे बंद. नंतरच्या पद्धतीत प्रत्येकाला स्वतंत्र वीज मिळते. तेथे एक जळला तर इंजिन तीन सिलिंडरवर थरथरत, पांढरा धूर ओकत सुरू होते आणि दोन मिनिटांनी सुरळीत होते. तपासण्यासाठी प्लगांना जोडणारी पट्टी काढावी, १२ व्होल्टच्या बल्बची एक तार बॅटरीच्या धन खुंटीला व दुसरी प्लगच्या टोकाला लावावी. बल्ब पेटला नाही तर तो प्लग जळला आहे. सगळे प्लग चांगले असतील तर पट्टीपर्यंत वीज येते का ते पाहावे, रिले किंवा फ्यूज गेलेला असू शकतो.

प्लग असलेल्या इंजिनाच्या हवेच्या नळीत ईथरचा फवारा किंवा पेट्रोलचा बोळा कधीही धरू नये. तापलेल्या प्लगवर तो स्फोटासारखा पेटतो. प्लग नसलेल्या इंजिनालाही हे व्यसन वाईटच. अवेळी बसलेल्या हादऱ्याने रिंगा तुटतात आणि मग खरोखरच ‘इंजिन बसते’. पेटता बोळा एअर क्लिनरसमोर धरण्याची पद्धत गावोगाव आहे. त्याने हवा तापते हे खरे, पण तिच्यातला प्राणवायू जळतो, काजळी आत जाते आणि ऑइलचा एअर क्लिनर पेट घेऊ शकतो.

पांढरा धूर येतो, स्टार्टर जोरात आहे, तरीही पेटत नाही

आता येते नोझल, टायमिंग आणि कॉम्प्रेशन यांची पाळी. पण त्याआधी एअर क्लिनर उघडून पाहावा. वाटीतले ऑइल चिखल झालेले असते, आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारीण माशीने घर केलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

इंजिन एकदाचे चालू झाले की मंद चालू ठेवून एकेका नोझलचा नट अर्धा फेरा सैल करावा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. नटाभोवती जाड फडके गुंडाळावे, डोळ्यांना चष्मा लावावा, हात धारेसमोर आणू नये. जुन्या नोझलचाही फवारा १०० ते २५० बार दाबाने सुटतो. तो कातडीतून सुईसारखा आत घुसतो, बाहेर ठिपक्याएवढी जखम दिसते, आणि आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे झाले तर दुखत नसले तरी तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

नोझल काढून दुकानात फक्त तपासायला द्यावेत आणि तपासणी समोर उभे राहून पाहावी. फवारा धुक्यासारखा फुटला पाहिजे, धार पडता कामा नये आणि दाब उघडण्याच्या थोडा खाली धरून ठेवला तर टोक कोरडे राहिले पाहिजे. चारही एकदम बदलण्याची गरज नेहमी नसते.

पंपावर संशय केव्हा घ्यावा? फिरत्या पद्धतीच्या जुन्या पंपाची एक ठरावीक तक्रार असते : गाडी पहाटे बरी चालू होते, पण तापल्यावर बंद केली की अर्धा तास काही केल्या चालू होत नाही. पातळ झालेले गरम डिझेल झिजलेल्या भागांतून गळते, स्टार्टरच्या मंद वेगाला दाब तयार होत नाही. अशा वेळी इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. त्याने गाडी चालू झाली तर पंप खरोखर झिजला आहे. तो सीलबंदच टेस्ट बेंच असलेल्या दुकानात न्यावा, घरी खोलू नये. काढण्यापूर्वी पंपाचा व इंजिनाचा मेळ दाखविणारी रेघ आहे का ते पाहून, नसल्यास ओरखडा मारून घ्यावा. पंप परत बसविल्यावर त्रास वाढला तर बहुतेक वेळा ही रेघच जुळलेली नसते.

कॉम्प्रेशन शेवटी. आधी टॅपेटची फट मोजावी. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, दाब गळतो आणि हा दोष तासाभरात दुरुस्त होतो. ब्रीदरमधून धुराचे झोत येत असतील, ऑइल वरचेवर घालावे लागत असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावून मागावे. जुन्या डिझेल इंजिनात चांगला दाब साधारण ३०० ते ४५० पौंड प्रति चौरस इंच भरतो. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. पेट्रोल गाडीचे गेज येथे चालत नाही. सर्व सिलिंडर सारखेच थोडे कमी दाखवीत असतील तर चांगली बॅटरी व योग्य ऑइल यांवर गाडी आणखी दोन-तीन हंगाम निभावते, असा माझा अनुभव आहे. एकच सिलिंडर बराच कमी असेल तर थांबू नये, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट पाहावे. आणि रिंगा बदलायचे ठरलेच, तर आधी लायनरचे माप घ्यायला सांगावे व तो आकडा बिलावर लिहून मागावा. झिजलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा टाकलेली गाडी पुढच्या पौषात पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभी असते.